अपरिचय आणि अयोग्यता

एखादी वस्तू उत्तम आहे का आणि ती आपल्याला जुळणारी आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुधा मोजमापाने मिळते. दुसऱ्याच्या उत्तरासाठी स्वतःचे शरीर, स्वतःचा वेळ आणि काही अंशी स्वतःचे सुखही खर्ची घालावे लागते. व्यवहारात मात्र या दोन प्रश्नांची सर्रास गल्लत होते. जे उत्तम म्हणून सिद्ध झाले आहे ते आपल्यालाही मानवेलच असे आपण धरून चालतो. आणि जे पहिल्या भेटीत मानवले नाही, त्यावर ‘सदोष’ असा शेरा मारून मोकळे होतो. या गल्लतीचा मला नीट विचार करावा लागला, त्याला निमित्त एका सायकलीचे झाले.

नेदरलँड्समध्ये राहू लागल्यापासून सायकल माझ्या दिनक्रमाचा भाग आहे. कामाला जाण्यासाठी साधी सायकल आणि सुटीच्या दिवशी लांब पल्ल्यासाठी पुढे वाकून चालवायची रेसिंग सायकल, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. पुढे मनगटे आणि मान दुखू लागली आणि ते दुखणे सायकलवरून उतरल्यावरही रेंगाळू लागले, तेव्हा मी रिकम्बंट सायकलचा विचार सुरू केला. या सायकलीवर स्वार मागे रेलून असतो, एखाद्या आरामखुर्चीत पाय समोर करून पहुडावे तसा. पेडल बहुधा पुढच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही पुढे असते, पाठीला सबंध आसनाचा आधार मिळतो आणि मनगटांवर शरीराचा भार पडत नाही. मला हवी होती ती वेगवान जातीची, दोन्ही चाके मोठी असलेली, कार्बन तंतूंच्या आसनाची सायकल. सुखासाठी निघालेल्या माणसाने वेगाचाही लोभ धरावा, हे विसंगत वाटेल. पण या यंत्रात दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात.

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वर वेग गेला, की स्वाराच्या शक्तीचा मोठा भाग हवा बाजूला सारण्यातच जातो. त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेसाठीची शक्ती आठपट लागते. माणसाच्या पायांत आठपट बळ येणे शक्य नाही. तेव्हा उपाय एकच उरतो: वाऱ्यासमोर आपले आकारमान कमी करणे. रेलून बसलेला माणूस वाऱ्याला छाती देत नाही, म्हणून त्याच बळात तो अधिक वेगाने जातो.

हे तत्त्व नवे नाही, आणि त्याची कसोटीही फार पूर्वी लागली आहे. शार्ल मोशे या फ्रेंच यंत्रकाराने ‘व्हेलोकार’ या नावाने रेलून चालवायची सायकल बनवली. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या स्वाराने तिच्यावरून पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. त्यापूर्वीचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम ऑस्कर एगने १९१४ साली केला होता आणि तो जवळजवळ वीस वर्षे अबाधित होता. फोर हा पहिल्या फळीतला स्वार नव्हता. म्हणूनच विक्रम माणसाचा मानायचा की यंत्राचा, असा वाद उभा राहिला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९३४ साली शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी आखली, की रेलून चालवायची सायकल तीत बसू नये. १९३३ च्याच ऑगस्ट महिन्यात यान व्हान हाउटने नेदरलँड्समध्ये रूरमोंडला ४४.५८८ किलोमीटर आणि मोरिस रिशारने बेल्जियममध्ये ४४.७७७ किलोमीटर अंतर तोडले होते. दोन्ही अंतरे फोरच्या अंतराहून कमी. तरीही अधिकृत यादीत एगच्या नंतर याच दोघांची नावे येतात. मोशेचे निधन १९३४ सालीच झाले.

या निर्णयाकडे केवळ अन्याय म्हणून पाहणे मला पटत नाही. खेळाला आपल्या मर्यादा ठरवण्याचा अधिकार आहे. माणसामाणसातली तुलना करायची तर साधन सारखेच असावे, ही अपेक्षाही रास्त आहे. दोष पुढे घडला. शर्यतीपुरती केलेली व्याख्या हळूहळू समाजाने सायकलीचीच व्याख्या म्हणून स्वीकारली. शर्यतीत जे दिसत नाही ते कारखानदार बनवीत नाहीत, जे बनत नाही ते दुकानात येत नाही, आणि दुकानात नसलेल्या वस्तूचा अनुभव घेण्याची संधीच लोकांना मिळत नाही. कॅनडाच्या टॉड रीशर्टने २०१६ साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, बॅटल माउंटनजवळच्या सरळ रस्त्यावर, पूर्ण कवच असलेल्या रिकम्बंटवरून केवळ स्वतःच्या पायांच्या बळावर ताशी १४४ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. तरीही ज्याने असे यंत्र जवळून पाहिले आहे असा माणूस आजही विरळा. यंत्राला मिळालेला नकार हा त्याच्या अपयशावर नव्हे, त्याच्या अनोळखीपणावर आधारलेला होता, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

अशी सायकल पाहायला मी ज्या कार्यशाळेत गेले ती फ्लेवोलँडच्या पोल्डरमध्ये आहे. हा सारा प्रदेश समुद्रसपाटीच्या खाली, माणसाने पाण्यातून काढलेला. सरळ रस्ते, दूरवर पवनचक्क्या आणि अडवायला काहीच नसलेला वारा. ज्या भूमीत वाऱ्याशी रोज गाठ आहे, तिथे वाऱ्यापासून लपणारी सायकल बनावी, यात नवल नाही. कार्यशाळेचे मालक वयस्क, मितभाषी कारागीर होते. त्यांनी मला आधी सायकल दाखवलीच नाही. जमिनीवर, भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ पसरून बसायला सांगितले. माझ्या तळव्यांना एक लाकडी फळी लावली आणि भिंतीपासून फळीपर्यंतचे अंतर टेपने मोजले. रिकम्बंटमध्ये उंचीपेक्षा हे अंतर महत्त्वाचे असते. पेडल ज्या नळीच्या टोकाला असते, ती नळी या मापाप्रमाणे आतबाहेर सरकवायची. ती फार जवळ ठेवली तर गुडघा जादा दुमडतो आणि दुखतो. फार दूर ठेवली तर प्रत्येक फेऱ्याला पाय ताणावा लागतो आणि टाचेमागची शीर ओढली जाते. पेडल सर्वांत दूर असताना गुडघ्यात किंचित बाक उरला पाहिजे.

डच लोक जगातल्या सर्वाधिक उंच लोकांत मोडतात, आणि मी मराठी मापानेही उंच नाही. नळी शेवटपर्यंत आत सारावी लागली; त्यामुळे साखळी सैल पडली, तिच्या काही कड्या काढाव्या लागल्या. हे सारे करताना ते एकदाही ‘चालेल’ म्हणाले नाहीत. नळी आवळण्यापूर्वी त्यांनी मागून, पुढून आणि पुन्हा मागून पाहून पेडलांचा आस जमिनीशी समांतर आहे का, याची खात्री केली, कारण तो किंचित कलला तरी दोन्ही पायांना वेगवेगळे काम पडते. ज्याच्या शरीराला यंत्र वाहायचे आहे त्याच्याविषयीचा आदर तोंडी सौजन्यातच असतो असे नाही. तो अशा खटाटोपातही असतो, हे मला तिथे दिसले.

या सायकलवर टांग मारता येत नाही. आधी आसनात टेकायचे, एक पाय पेडलवर ठेवायचा, ब्रेक सोडता सोडता एकच निश्चयी रेटा द्यायचा आणि जमिनीवरचा पाय उचलायचा. पहिल्या प्रयत्नात प्रत्येक जण मान वर उचलतो आणि हँडल घट्ट धरतो. सायकल त्याच क्षणी थरथरू लागते. याचे कारण साधे आहे. नेहमीच्या सायकलवर आपण तोल हँडलने सांभाळतो तसाच कंबरेने आणि खांद्यांनीही सांभाळतो, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. इथे पाठ आसनात स्थिर असते. तोलाचे सारे काम हँडलवर येते, आणि आवळलेल्या मुठीतला प्रत्येक कंप चाकापर्यंत पोहोचतो. उपाय बळाचा नाही, बळ सोडण्याचा आहे: पाठ टेकायची, नजर दूर ठेवायची, बोटे सैल करायची. लहानपणी दांड्याखालून पाय घालून मोठ्यांची सायकल शिकताना शरीराने जे कष्टाने मिळवले होते, ते आता शरीरालाच बाजूला ठेवावे लागत होते. कारागीर एवढेच म्हणाले, “पहिल्या फेरीत काय वाटले ते मला सांगू नका. तेव्हा तुमची जुनी सायकल बोलत असते.”

हे वाक्य माझ्यासाठी या साऱ्या अनुभवाची किल्ली ठरले. नव्या वस्तूविषयीची आपली पहिली प्रतिक्रिया बहुतांशी जुन्या वस्तूची साक्ष असते. पहिला आनंदही तसाच. थरथर थांबल्यावर मी बांधावरच्या रस्त्याला लागले. समोरचा वारा गवत आमच्या दिशेने आडवे करीत होता आणि तरीही वेग उतरत नव्हता. मनगटे हलकी, मान टेकलेली, आणि वारा अंगावरून निघून जात असलेला. तो आनंद खरा होता. पण तोही तुलनेतून आलेला होता. ओझे उतरल्याचा आनंद आणि नव्या साधनाशी जुळल्याचे समाधान यांतला फरक एका फेरीत कळत नाही. म्हणून मी सायकल काही आठवड्यांसाठी मागून घेतली, आणि त्यांनी ती विनातक्रार दिली. अट एकच होती: प्रत्येक फेरीनंतर कुठे दुखले, केव्हा दुखू लागले आणि केव्हा थांबले, हे लिहून ठेवायचे.

त्या वहीतल्या नोंदी हळूहळू दोन गटांत विभागल्या गेल्या. पायाच्या बोटांना मुंग्या येणे हा पहिला त्रास. पाय उंचावर असतात आणि तळव्याचा एकच भाग सतत रेटा देतो, म्हणून नवख्यांना तो बहुधा होतो. बुटाला पेडलशी जोडणारी क्लीट मागे सरकवली, पेडलचा दांडा म्हणजे क्रँक १७० मिलिमीटरऐवजी १५५ मिलिमीटरची बसवली, आणि तो त्रास आधी उशिरा येऊ लागला, मग जवळजवळ गेला. दुसरा त्रास मांड्यांचा. रेलून पेडल मारताना स्नायूंना निराळ्या कोनातून काम करावे लागते. शिवाय चढावर उभे राहून शरीराचा भार पेडलवर टाकण्याची सोय नसते, हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवीत राहणे एवढेच हाती असते. पुलाचे साधे चढही प्रथम अपमानकारक वाटले. पुढे पाय तयार झाले. हे त्रास जागा बदलत होते, वेळ बदलत होते, क्षीण होत होते. एक दुखणे मात्र हलत नव्हते. आसनाचा फुगवटा कंबरेच्या खोलगट भागात यायला हवा. माझी पाठ लहान असल्याने तो त्याच्या बराच वर, बरगड्यांखाली रुतत होता. नोंद दर वेळी तीच होती: जागा तीच, आणि सुरुवात आधीपेक्षा लवकर.

आपल्याकडे अशा वेळी एक सल्ला तयार असतो: सवय होईल. या सल्ल्यामागे खरा अनुभव आहे. नवी कोल्हापुरी चप्पल आधी चावते, तेल लावून ती वापरीत राहिले की कातडे नरमते आणि पायाचा आकार घेते. पण इथे एक गोष्ट नजरेआड होते. चप्पल सुखाची होते ती केवळ पायाने सोसले म्हणून नव्हे. कातड्यानेही आपला ताठरपणा सोडला म्हणून. कार्बनचे आसन नरमत नाही. ते घडते तेव्हाच त्याचा आकार कायमचा ठरतो. जिथे वस्तू बदलायला तयार नाही, तिथे सारे बदलणे माणसाच्या वाट्याला येते, आणि अशा ठिकाणी ‘सवय होईल’ हे आश्वासन राहत नाही, ती एकतर्फी वसुली ठरते.

ही वसुली कोणाकडून होते, याचा विचार केला की विषय सायकलपुरता राहत नाही. यंत्रमागापाशी उभ्याने पाळी काढणाऱ्या कामगाराला, नव्या घरी आलेल्या सुनेला, आपल्या मापाच्या नसलेल्या बाकावर बसणाऱ्या शाळकरी मुलाला आपण हेच वाक्य ऐकवीत आलो. ज्याच्यापाशी आसन बदलून मागण्याची शक्ती नाही, त्यालाच सवयीचा उपदेश मिळतो. सहनशीलतेचे मोल मी कमी लेखीत नाही. तिच्यावाचून कोणतेही कौशल्य हाती येत नाही, हे मांड्यांच्या दुखण्याने मलाही शिकवले. पण सहनशीलता ही जिवंत गोष्ट आहे. जे दुःख शिकवते ते पुढे सरकते. जे एकाच जागी रुतून बसते ते शिकवीत नाही, झिजवते. या दोहोंना एकच नाव देऊन त्यांचा सारखाच गौरव करणे, ही आपल्या नीतिविचारातली फार जुनी उणीव आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच खरी आहे. पहिल्या थरथरीलाच निर्णय मानून मी परत फिरले असते, तर अपरिचयाला अयोग्यता समजण्याची जी चूक संस्था करतात, तीच वैयक्तिक पातळीवर घडली असती. अपरिचय काळाने ओसरतो, अयोग्यता काळाने अधिक ठळक होते. पहिल्या दिवशी दोहोंचा चेहरा एकच असतो. म्हणून त्यांतला भेद बुद्धीने तत्काळ करता येत नाही, तो काळाकडूनच करून घ्यावा लागतो.

कारागिरांनी वही वाचली आणि लहान मापाचे आसन मागवले. ते बसल्यावर पाठीचे दुखणे थांबले. पण एक प्रश्न नव्याने पुढे आला. वेगासाठी आसन जितके आडवे करावे तितके चांगले. ही सायकल जमिनीशी सुमारे वीस अंशांच्या कोनापर्यंत झुकवता येते. तेवढे रेलल्यावर माझ्या लहान धडामुळे समोरचा नजीकचा रस्ता गुडघ्यांआड आणि पावलांआड जात असे. दूरचे दिसे, जवळचे नाही. पोल्डरमधल्या त्याच सायकलमार्गांवरून सकाळी शाळेची मुले घोळक्याने जातात, म्हातारी माणसे सावकाश जातात. आसन तीस अंशांच्या आसपास उचलले तर रस्ता दिसत होता, पण वाऱ्यात शरीर थोडे वर येत होते आणि ज्या वेगासाठी हे यंत्र घडवले आहे त्यातला काही भाग सोडावा लागत होता. मी कारागिरांचे मत विचारले. ते म्हणाले, “दोन्ही बरोबर आहे. तुम्ही ती कुठे चालवणार, ते आधी ठरवा.”

तोपर्यंत जुळणे ही शरीर आणि यंत्र या दोघांतली गोष्ट आहे, असे मी मानत होते. त्या उत्तराने तिसरा पक्ष समोर आणला: ज्या रस्त्यावर आपण जातो तो, आणि त्या रस्त्यावर ज्यांचा आपल्याइतकाच हक्क आहे ती माणसे. विक्रमाच्या रस्त्यावर समोरून कोणी येत नाही. तिथे वीस अंश हेच उत्तर आहे. सार्वजनिक रस्त्यावर आपल्या दृष्टीच्या पलीकडचा वेग हा आपला नसतो, तो इतरांच्या सुरक्षिततेतून उचललेला असतो. एखादे साधन आपल्याला योग्य आहे का, या प्रश्नात ते वापरताना आपण इतरांना योग्य राहतो का, हा प्रश्न अंतर्भूत आहे. मी आसन उचलून घेतले आणि सायकल त्याच मापात विकत घेतली. ती आजही माझ्या जुन्या सायकलपेक्षा वेगवान आहे. तिच्या अंगी असलेल्या सर्वोच्च वेगाला मात्र मी जाणूनबुजून मुकले आहे, आणि त्याची खंत वाटत नाही.

ज्या पोल्डरमध्ये हे सारे घडले, त्या भूमीचा इतिहासही काळाविषयी काही सांगतो. पूर्व फ्लेवोलँड १९५७ साली आणि दक्षिण फ्लेवोलँड १९६८ साली पाण्याबाहेर आले. बांध पूर्ण झाले, पाणी उपसले गेले, नकाशावर जमीन दिसू लागली. पण तो निव्वळ चिखल होता. विमानांतून बोरूच्या गवताचे बी त्यावर टाकण्यात आले. त्या गवताने काही वर्षे मातीतले पाणी शोषले, मातीत भेगा पडल्या, हवा खेळली, आणि मगच ती शेतकऱ्यांच्या हाती देण्यात आली. यात नुसती वाट पाहणे नव्हते. त्या वर्षांत मातीची पाहणी होत राहिली आणि ती पिकाला तयार झाली की नाही, हे मातीकडे बघूनच ठरवले गेले. ठरावीक तारखेला ती तयार झाल्याचे जाहीर करण्याचा मोह आवरणे, हेही त्या अभियंत्यांचे काम होते.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा इतरांच्या वतीने असा निर्णय करावा लागतो. शिक्षक विद्यार्थ्याची शाखा सुचवतो, अधिकारी नव्या कर्मचाऱ्याला काम नेमून देतो, वडीलधारी माणसे मुलांच्या आयुष्याला दिशा देऊ पाहतात. त्या वेळी दोन कर्तव्ये एकदमच येतात. पहिले, पहिल्या दिवसाच्या साक्षीवर निकाल न देणे, मग ती साक्ष आनंदाची असो की तक्रारीची. दुसरे, दिलेल्या काळात दुःखाची नोंद ठेवणे, आणि ते जागचे हलत नसेल तर माणसाला दोष देण्याआधी आसनाचे माप तपासणे. पहिले कर्तव्य विसरले की नवे काही रुजत नाही. दुसरे विसरले की रुजण्याच्या नावाखाली माणसे झिजतात. विक्रमांच्या यादीला यंत्राचा वेग ठाऊक असतो, कारागिराला त्याची मापे ठाऊक असतात. पण दुखणे कुठे आहे आणि ते हलते आहे का, हे केवळ त्या आसनात बसलेल्यालाच सांगता येते. म्हणून परीक्षेला पुरेसा काळ द्यावा, आणि निकालात जो सोसतो आहे त्याचा शब्द अखेरचा मानावा.